वेली गुलाबांची पानगळ : आधी निदान, मग फवारणी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या कुंपणभिंती, बंगल्यांच्या कमानी आणि गच्चीवरचे मांडव हिरवेगार होतात. त्यांवर चढवलेले वेली गुलाब मात्र नेमके याच दिवसांत खालून उघडे पडू लागतात. आधी तळाची पाने ठिपक्यांनी भरतात, मग पिवळी होतात, गळतात, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत काट्यांच्या लांबलचक दांड्या व शेंड्याशी पानांचे चार झुबके एवढाच वेल उरतो. ‘पावसाळ्यात गुलाब असाच होतो’ असे म्हणून काही जण सोडून देतात. बाकीचे जवळच्या रोपवाटिकेतून औषधाची पुडी आणून फवारतात, पुन्हा फवारतात, आणि तरीही पाने गळतच राहिली की वैतागून वेल मुळासकट काढून टाकतात. गेली अनेक वर्षे वेली गुलाब वाढवत असल्यामुळे आणि शेजारपाजारचे आजारी वेल पाहत आल्यामुळे मला हे ठामपणे सांगावेसे वाटते, की यांतले बहुतेक वेल वाचण्यासारखे असतात. ते दगावतात ते औषध कमी पडले म्हणून नव्हे, तर रोग न ओळखता औषध मारले गेले आणि पाणी व हवा यांकडे कोणी पाहिलेच नाही म्हणून.

पावसाळ्यात वेली गुलाबाचे सर्वांत जास्त नुकसान करतो तो काळ्या ठिपक्यांचा रोग. ‘डिप्लोकार्पन रोझी’ नावाच्या बुरशीमुळे तो होतो. रोगट पान तोडून हातात घ्यावे आणि साध्या भिंगाखाली धरावे. ठिपका गोलसर, काळपट जांभळा आणि फार तर एक-सव्वा सेंटिमीटरचा दिसतो, पण त्याची कड रेखीव नसते. टीपकागदावर शाई फुटावी तशी ती बारीक धाग्यांनी बाहेर पसरलेली असते. ठिपक्याच्या मध्यभागी बारीक काळ्या पुटकुळ्या दिसतात; बीजाणू तिथेच तयार होतात. भोवतालचे पान पिवळे पडते आणि बोटाचा हलका धक्का लागला तरी देठापासून सुटून येते. औषधाने भाजलेल्या पानावरचे डाग किंवा कुपोषणाने आलेला पिवळेपणा असा फुटक्या कडेचा नसतो. दांड्यांच्या कोवळ्या सालीवरही याच बुरशीचे उंचवटेदार जांभळट चट्टे येतात, आणि ते सहसा कोणी पाहत नाही.

ही बुरशी पसरते कशी, हे एकदा नीट समजले की निम्मे काम झाले. तिचे बीजाणू वाऱ्यावर दूरवर उडत नाहीत. ते पाण्याच्या थेंबांबरोबर उडतात. पावसाचा किंवा झारीचा थेंब जमिनीवरच्या रोगट पानावर आदळला, की त्याच्या शिंतोड्यांतून ते तळाच्या पानांवर जातात. रोग नेहमी खालून वर चढतो त्याचे कारण हेच. मात्र पानावर पोचला म्हणून बीजाणू लगेच रुजत नाही. त्यासाठी पान सलग किमान सात तास ओले राहावे लागते. त्याआधी पान वाळले तर लागण होत नाही. लागण झाली तर तापमानानुसार चार-पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही ठिपके दिसू लागतात, आणि सुमारे दहा दिवसांत त्याच ठिपक्यांवर नवे बीजाणू तयार होऊन पुढची फेरी सुरू होते. वीस-पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान या बुरशीला मानवते, आणि पुण्यातला जुलै-ऑगस्ट जवळपास तसाच असतो. पाऊस आपल्या हातात नाही हे खरेच, परंतु पानांच्या ओलाव्याचे तास बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

संध्याकाळी पाइप धरून वेलावर वरून पाणी मारण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आणि सोसायटीच्या बागांतही आहे. दिवसभराची धूळ धुतली जाते, पाने तजेलदार दिसतात, पण ती रात्रभर ओली राहतात आणि सात तासांची अट सहज पुरी होते. पाणी सकाळी आणि मुळाशी, आळ्यातच द्यावे. दुसरी गोष्ट इमारतींमध्ये फार आढळते. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी खाली ठिबकत राहते, आणि पाऊस नसलेल्या दिवशीही खालच्या वेलाचा एक पट्टा कायम ओला असतो. एखाद्या वेलाची फक्त एकच बाजू पुन्हा पुन्हा ठिपक्यांनी भरत असेल, तर औषध बदलण्याआधी मान वर करून पाहावे. कुंडीखाली तबकडी ठेवायची विनंती शेजाऱ्यांना केल्याने जे साधते, ते महिनाभराच्या फवारणीनेही साधत नाही.

भुरी या दुसऱ्या रोगाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, आणि तिथेच लोकांची सर्वाधिक फसगत होते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना भुरी हा शब्द नवा नाही. गुलाबावरची भुरी त्याच कुळातल्या, पण वेगळ्या बुरशीमुळे येते, त्यामुळे द्राक्षाची भुरी गुलाबावर येत नाही. कोवळ्या पानांवर, कळीच्या देठावर आणि काट्यांच्या बुडाशी पांढरी पिठी दिसते, पाने वाटीसारखी वळतात, कळ्या नीट उमलत नाहीत. अंगठ्याने चोळले तर पिठी निघते आणि खाली जांभळट पान दिसते. या बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट साचलेले पाणी त्यांना बाधते. कोरडे, उबदार दिवस आणि थंड, दमट रात्री तिला हव्या असतात, म्हणून आपल्याकडे तिचा जोर पाऊस ओसरल्यानंतर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. त्या दिवसांत सकाळी लवकर पाने साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुतली तर भुरी खरोखर आटोक्यात राहते. फक्त पाने दुपारच्या आत वाळली पाहिजेत. म्हणजे पावसाळ्यात जे करू नये, तेच हिवाळ्याच्या सकाळी करावे. ‘गुलाबाला बुरशी आली’ एवढेच सांगून सल्ला मागणाऱ्याला उपयोगी सल्ला मिळत नाही, तो यासाठीच.

तिसरा रोग केवडा, म्हणजे डाउनी. पानांवर शिरांनी अडवलेले, कोनाकोनांचे लालसर जांभळे डाग येतात, दमट सकाळी पानाच्या मागे विरळ करडी बुरशी दिसते, आणि दोन-चार दिवसांत बरीच पाने एकदम झडतात. घरगुती वेलांवर तो तुलनेने कमी दिसतो, तळेगाव-मावळच्या हरितगृहांतल्या गुलाब उत्पादकांना मात्र चांगलाच परिचित आहे. प्लॅस्टिकच्या छपरामुळे हरितगृहात पाऊस पानांवर पडत नाही, म्हणून तिथे काळे ठिपके किरकोळ असतात. कोंडलेली दमट हवा मात्र भुरी व केवड्याला पोसते. उघड्यावरच्या आणि हरितगृहातल्या गुलाबांचे औषधांचे वेळापत्रक त्यामुळेच एक असू शकत नाही. पानामागे नारिंगी पूड दिसणारा तांबेरा मुख्यतः थंड भागांत आढळतो, पुण्यात त्याची फारशी काळजी करावी लागत नाही.

केवड्याचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तो घडवणारा जीव शास्त्रीय दृष्ट्या खरी बुरशीच नव्हे. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखे सर्रास वापरले जाणारे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, बुरशीनाशक त्यावर काम करत नाही. गंधक भुरीवर उत्तम, पण केवड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा डाग न पाहता फवारलेले औषध अनेकदा पूर्णपणे वाया जाते, आणि त्याचा अंश मात्र माती, हात आणि घर यांत राहतो.

या संदर्भात एक तक्रार मला आपल्या पत्रातून जाहीरपणे मांडायची आहे. शहरातल्या एका रोपवाटिकेत मी वेलाचे रोगट पान घेऊन गेले, तेव्हा ते हातातही न घेता पारदर्शक पिशवीत बांधलेली पांढरट पूड मला देण्यात आली. पिशवीवर नाव नव्हते, प्रमाण नव्हते, मुदत नव्हती. ‘चमचाभर टाका, सगळ्यावर चालते’ एवढेच सांगितले गेले. ही एका दुकानापुरती गोष्ट असती तर लिहिले नसते, पण अशा सुट्या पुड्या अनेकांच्या घरी, स्वयंपाकघराच्या फळीवरसुद्धा, मी पाहिल्या आहेत. १९६८च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत बुरशीनाशकेही येतात. ती परवानाधारकानेच, मूळ बंद पाकिटात, लेबल आणि माहितीपत्रकासह विकायची असतात. लेबलवरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाची पातळी सांगतो. सुट्या पुडीत त्रिकोण नाही, विषबाधा झाल्यास डॉक्टरांना सांगायला नाव नाही, आणि लहान मुलाच्या हाती पडल्यास ती पिठी कशाची हे कळायलाही मार्ग नाही.

आता वेली गुलाबाच्या खास गरजांविषयी. झुडपी गुलाबाला चारी बाजूंनी वारा मिळतो, वेलाला मात्र आपण भिंतीला चिकटवून बांधतो. भिंत आणि पाने यांच्यामध्ये हवा खेळली नाही, तर पावसानंतर आतली पाने तासन्‌तास ओलीच राहतात. म्हणून जाळी किंवा तारा भिंतीपासून निदान वीतभर पुढे असाव्यात. सकाळचे ऊन येणारी पूर्वेकडची भिंत सर्वांत चांगली, कारण रात्रीचे दव व पावसाचे पाणी तिथे लवकर वाळते. उत्तरेकडच्या भिंतीवरचा वेल कायम झगडत राहतो. मुख्य दांड्या सरळ वर न नेता पंख्यासारख्या आडव्या पसरवून बांधाव्यात. त्यामुळे प्रत्येक डोळ्यातून फुलणारी आखूड फूट निघते, दाटी कमी होते, आणि वेल हाताच्या टप्प्यात राहतो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेल्या वेलाची रोगट पाने कोणी वेचत नाही आणि तिथे औषधही धड पोचत नाही. शिडीवर चढून डोक्याच्या वर फवारणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. तळाशी नेचे, शोभेची अळू, मोगरा असे काहीबाही दाटीने लावण्याची हौस आवरावी, आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची पाने पावसाआधीच काढून टाकावीत. आळ्यात सुका पेंढा किंवा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन घातले, की मातीवरून उडणारे शिंतोडे थांबतात. युरियासारख्या नत्रखताची मूठ वाढवू नये. त्याने येणारी लुसलुशीत फूट दिसायला सुंदर असते आणि भुरीला सर्वांत आधी बळी पडते.

इंग्लंड-अमेरिकेतल्या माळ्यांचा सल्ला हल्ली आपल्यापर्यंत सहज पोचतो, आणि त्यात हिवाळ्यातली साफसफाई हा मुख्य उपाय असतो. तिथे गुलाब थंडीत पाने टाकून झोपी जातो, त्यामुळे तो काळ साफसफाईला योग्यच आहे. आपल्याकडे गुलाब बारमाही पानांत असतो. काळ्या ठिपक्यांची बुरशी पुण्यात विसावते ती एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात, आणि तेव्हाही ती गळलेल्या पानांत, झाडावर उरलेल्या जुन्या पानांत आणि दांड्यांवरच्या चट्ट्यांत जिवंत असते. म्हणून आपली साफसफाई मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाच्या सरींआधी व्हायला हवी. ठिपक्यांचे एकूण एक पान झाडावरून आणि जमिनीवरून वेचावे, चट्टे असलेल्या कोवळ्या दांड्या कापाव्यात, आच्छादन बदलावे. हा पाला घरच्या कंपोस्टमध्ये घालू नये, कारण घरगुती ढिगात बुरशी मरण्याइतकी उष्णता सहसा निर्माण होत नाही. पिशवीत बांधून तो ओल्या कचऱ्याबरोबर द्यावा. शहरात पाला जाळणे तर टाळलेच पाहिजे. जूनमध्ये पहिला ठिपका दिसेल तेव्हा ते एक पान त्याच दिवशी तोडावे, आणि एका वेलावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसावे. ओल्या पानांत हात घालू नये. बीजाणू बोटांना आणि कपड्यांनाही चिकटतात.

एवढे केल्यावरही सलग झडीच्या दिवसांत फवारणी लागते, हे मी मान्य करते. फक्त तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे स्पष्ट असावे. ठिपका पडलेले पान कोणत्याही औषधाने पुन्हा निरोगी होत नाही. मँकोझेबसारखी स्पर्शजन्य बुरशीनाशके निरोगी पानावर कवच घालतात, आणि तेही रोग येण्याआधी. काळ्या ठिपक्यांसाठी मँकोझेब ७५ टक्के भुकटी लिटरमागे दोन ते अडीच ग्रॅम, स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारे द्रव्य) मिसळून, पानांच्या दोन्ही बाजूंना बसेल अशी फवारावी. पावसात ती धुपते आणि नवी फूट उघडी राहते, म्हणून उघडीप साधून सात ते दहा दिवसांनी पुन्हा. आंतरप्रवाही औषध लागलेच तर एकच एक सतत वापरू नये. त्याला दाद न देणारी बुरशी फार लवकर तयार होते. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम पुरते, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा तेलाची फवारणी होऊन दोन-तीन आठवडे झालेले नसताना ते मारल्यास पाने भाजतात.

बोर्डो मिश्रणाबद्दल वाचक नेहमी विचारतात. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षाच्या केवड्यावर मिलार्डे या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते पुढे आणले, आणि आजही ते घरी करता येते. दहा ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चांगला कळीचा चुना विरवून दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मग चुना कापडातून गाळून दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात ओतत ढवळावीत. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे असे समजावे आणि थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मात्र थंड, ढगाळ हवेत तांब्यामुळे गुलाबाच्या कोवळ्या पानांवर जांभळट डाग पडू शकतात, म्हणून मी ते भर पावसात न वापरता ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पाने कमी असताना वापरते. छाटलेल्या टोकांना दाट बोर्डो पेस्ट लावली, तर टोकाकडून खाली वाळत येणाऱ्या फांदीमरीलाही आळा बसतो.

घरगुती उपायांना मी नाकारत नाही, पण त्यांची जागा ठरलेली आहे. खाण्याचा सोडा आणि बागेचे हलके तेल एकत्र फवारल्यास गुलाबावरची भुरी व काळे ठिपके कमी होतात, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसले होते. नुसत्या सोड्याचा परिणाम तोकडा असतो, आणि तो जास्त झाल्यास पाने करपतात व मातीत सोडियम साठत जाते. दुधाच्या पाण्याचा फायदा दाखवणारे ब्राझीलमधले १९९९ सालचे संशोधन भोपळावर्गीय पिकाच्या भुरीवरचे आहे. काळ्या ठिपक्यांसाठी म्हणून दूध फवारत बसण्यात पावसाचे मोलाचे दिवस जातात. हळद, ताक, राख यांबद्दलही हेच म्हणता येईल.

एक सावधगिरी विशेष आग्रहाने सांगते. बुरशीनाशक मारलेल्या गुलाबाच्या पाकळ्या गुलकंदात, सरबतात किंवा तीर्थप्रसादात जाता कामा नयेत. घराघरांत मुले सहज पाकळी तोडून तोंडात टाकतात. ज्या वेलाची फुले खाण्यात येतात त्यावर फवारणी करूच नये, आणि इतर वेल फवारताना मुखपट्टी, हातमोजे घालून, वारा नसताना, पाण्याच्या टाक्यांची झाकणे लावून हे काम करावे.

दीर्घकाळाचा उपाय वाणाच्या निवडीत आहे. पिवळ्या व केशरी गुलाबांना ठिपके जास्त पडतात असा अनुभव अनेकांना असेल, त्यामागे इतिहास आहे. फ्रान्समधल्या लिऑनच्या पेर्ने-दुशे यांनी १९०० साली आणलेल्या ‘सोलेय दॉर’मधून आजच्या गर्द पिवळ्या गुलाबांत पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातल्या एका रानगुलाबाचा अंश आला. त्या रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा दुबळेपणाही पुढच्या पिढ्यांत उतरला. उलट पूर्व आशियातल्या विचुराना गुलाबाच्या वंशातले चकचकीत पानांचे काही वेल बरेच काटक असतात. अमेरिकेत १९३१ साली वनस्पतींसाठीचे पहिले पेटंट मिळालेला फिकट गुलाबी ‘न्यू डॉन’ हा त्यांपैकीच. या बुरशीचेही अनेक वंश आहेत, त्यामुळे कुठलाच वाण कायमचा अभेद्य नसतो. तरीही फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. दुर्दैवाने आपल्याकडे ‘वेली लाल’, ‘वेली पिवळा’ एवढ्याच नावाने कलमे विकली जातात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल हे स्वतः नामवंत गुलाब-पैदासकार होते, या देशाच्या हवेत वाढणारे गुलाब त्यांनी घडवले. त्या देशात ग्राहकाला कलमाचे नावसुद्धा कळू नये, ही खेदाची बाब आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. रोपवाटिकांनी वेली गुलाबावर वाणाचे नाव आणि त्याला कोणता रोग लवकर होतो, हे लिहिलेली चिठ्ठी लावावी. सुट्या बुरशीनाशकांच्या विक्रीची तपासणी कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकांनी शहरांतही करावी. ही तपासणी केवळ ग्रामीण भागातल्या कृषी सेवा केंद्रांपुरती राहू नये. महापालिकेच्या उद्यान विभागाने आपल्या बागांतले तुषार सिंचन संध्याकाळऐवजी सकाळी चालवावे. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, हजारो लोक तिथे फुले पाहायला येतात. तिथेच एका टेबलावर रोगट पानांचे नमुने, भिंग आणि ते समजावून सांगणारा कृषी महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी असेल, तर कितीतरी घरांतली चुकीची फवारणी थांबेल. आणि आपल्या दैनिकाला विनंती ही, की बागकामाच्या पानावर मे महिन्याच्या मध्यावर, पाऊस यायच्या आधी, ठिपके, भुरी आणि केवडा यांची शेजारी शेजारी रंगीत छायाचित्रे छापावीत. ऑगस्टमध्ये छापलेली माहिती त्या वर्षीच्या वेलांना फार उशिरा पोचते.

आपली नम्र,
एक वाचक,
कोथरूड, पुणे